चाकामागे माणूस आलाच कसा?

पत्र (ओळख पुसून, थोडक्यात):

'मी एका बांधकाम साइटवर सुपरवायझर आहे, अनुभव चार वर्षांचा. नऊ दिवसांपूर्वी काँक्रीट घेऊन आलेला ट्रान्झिट मिक्सर रिव्हर्स येत असताना सिग्नल देणाऱ्या हेल्परच्या पायावरून मागचं चाक गेलं. तो गाडीकडे तोंड करून मागे मागे चालत "येऊ दे, येऊ दे" करत होता. पाठीमागे शटरिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) प्लेटा रचलेल्या होत्या, त्यांना तो अडला. ड्रायव्हर म्हणतो, आरशात दिसत होता, मग दिसेना, मला वाटलं बाजूला झाला. काँक्रीटचा पंपवाला म्हणतो, हेल्परनं मागं बघायला नको का? ठेकेदार म्हणतात, "हेल्परचा हलगर्जीपणा" असं लिही आणि विषय मिटव. मी तेव्हा केबिनमध्ये फोनवर होतो. हेल्परची दोन ऑपरेशनं झाली. ड्रायव्हर त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावत नाही. मला झोप नाही. रिपोर्टात काय लिहू? चूक माझी आहे का? आणि गाड्यांना मागे कॅमेरे बसवले तर हे पुन्हा होणार नाही ना?'

उत्तर:

आधी रिपोर्टाचं बघू, कारण तो तुमच्या टेबलावर पडलाय आणि ठेकेदार रोज विचारत असणार.

'हलगर्जीपणा' हा शब्द लिहू नका. हेल्परच्या नावापुढे नको, ड्रायव्हरच्या नको आणि मनाला लागलंय म्हणून स्वतःच्या नावापुढेही नको. तो शब्द म्हणजे निकाल आहे. निकाल द्यायला तुम्हाला कुणी बसवलेलं नाही. तुम्ही टेप घ्या आणि मोजा. गाडी गेटमधून आत आली ती कुठून? किती मीटर रिव्हर्स आली? प्लेटांचा ढीग पंपापासून किती अंतरावर, केवढा उंच, तिथं कधीपासून पडलाय आणि कुणाच्या सांगण्यावरून? हेल्पर गाडीच्या कोणत्या बाजूला होता? सिग्नल द्यायला त्याला कुणी उभं केलं? त्याआधी कुणी त्याला ते काम शिकवलं होतं का, की तो मोकळा दिसला म्हणून 'जा रे, गाडी घे' असं म्हटलं गेलं? पंप चालू होता का, म्हणजे ओरडलेलं ऐकू गेलं असतं का? मागे किती मिक्सर रांगेत होते? आणि शेवटी हेही लिहा की सुपरवायझर जागेवर नव्हता, केबिनमध्ये फोनवर होता. ही ओळ तुम्हाला जड जाईल. पण ज्या रिपोर्टात लिहिणाऱ्यानं स्वतःला झाकलेलं नसतं, त्यातल्या बाकीच्या ओळींवर लोक विश्वास ठेवतात.

मी हे शहाणपण जन्मतः घेऊन आलो नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मीही असाच एक रिपोर्ट लिहिला होता. पोकलेन (खोदाईचं मशीन) वळताना मागच्या काउंटरवेटचा, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या जड भागाचा, धक्का बसून एक बिगारी मशीन आणि भिंत यांच्यात सापडला. तीन बरगड्या मोडल्या. मी लिहिलं, 'सदर कामगार निष्काळजीपणे मशीनजवळ गेला.' वरून सही झाली, फाइल बंद. पाच आठवड्यांनी त्याच भिंतीपाशी दुसऱ्या बिगाऱ्याचा हात चेंगरला. तेव्हा कुठे मी तिथं टेप लावली. प्यायच्या पाण्याचा पिंप त्या भिंतीला टेकून ठेवलेला होता, अख्ख्या साइटवर तेवढा एकच. आणि मशीन पूर्ण फिरलं की त्याचं मागचं टोक आणि भिंत यांच्यात वीतभर फट उरायची. ज्याला तहान लागेल त्यानं त्या फटीतून जायचं, अशी व्यवस्था आम्हीच करून ठेवली होती आणि वर त्याला निष्काळजी म्हणत होतो. पिंप हलवायला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागली. आजही पिंप दिसला की आधी माझी नजर त्याच्या मागच्या भिंतीकडे जाते.

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही सवय आपल्या धंद्यात फार जुनी आहे आणि तिला आकड्यांचा आधारही मिळाला होता. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिशनं १९३१ मध्ये सुमारे ७५,००० अपघातांच्या नोंदी तपासून सांगितलं की त्यातले ८८ टक्के माणसाच्या असुरक्षित वागण्यानं होतात. पुढे कित्येक दशकं सुरक्षेच्या वर्गांत हा आकडा पाढ्यासारखा घोकला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी विचारलं, या नोंदी आल्या कुठून? विम्याच्या फायलींतून आणि कारखानदारांच्या दप्तरांतून. तिथं कारणाचा रकाना बहुतेक वेळा सुपरवायझर भरत असे. म्हणजे तुम्ही-आम्ही 'कामगाराची चूक' लिहायचं आणि त्या कागदांची बेरीज करून कुणीतरी सिद्ध करायचं की चूक कामगाराचीच असते. उद्या तुम्ही जे लिहाल तेही असंच कुठल्या तरी बेरजेत जाणार आहे.

आता अपघाताकडे. हे मी कागदावर समजावण्यापेक्षा तुम्ही करून बघा. पहिला मिक्सर यायच्या आधी एक गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे लावलेले. ड्रायव्हरच्या सीटवर तुम्ही बसा. एका माणसाला खडू घेऊन गाडीभोवती फिरायला सांगा. तो तुम्हाला आरशात किंवा काचेतून दिसेनासा झाला की हॉर्न द्या, त्यानं तिथं खूण करायची. पूर्ण चक्कर झाली की खाली उतरून खुणा जोडा. जमिनीवर जो आकार उमटेल तो बघून पहिल्यांदा बहुतेकांची बोलती बंद होते. मिक्सरच्या मागे ड्रमच्या रुंदीचा एक पट्टा लांबवर आंधळा असतो. कॅबिनच्या अगदी पुढे बंपरला खेटून उभा असलेला माणूस दिसत नाही, आणि क्लीनरच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या पलीकडच्या, बाजूला दाराखाली बसलेला तर नाहीच नाही. शिवाय बाजूचे आरसे बहिर्गोल असतात. त्यात जास्त जागा मावते, पण माणूस असतो त्यापेक्षा लहान आणि लांब दिसतो. 'दिसत होता, मग दिसेना' असं तुमचा ड्रायव्हर म्हणतो ते शंभर टक्के खरं असणार. हेल्पर मागे चालता चालता त्या पट्ट्यात शिरला, एवढंच.

मग वेळेचा हिशेब करा. ताशी ५ किलोमीटर म्हणजे माणसाच्या चालण्याचा वेग. त्या वेगानं गाडी एका सेकंदात १.४ मीटर सरकते. हेल्पर अडखळला, कुणीतरी ओरडलं, ड्रायव्हरला ऐकू गेलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. दोन मीटर तिथंच संपले, आणि गाडी अजून थांबलेलीही नाही. सहा घनमीटर काँक्रीट भरलं असेल तर नुसत्या मालाचं वजन १४ टनांवर जातं, गाडीचं वेगळं. गाडीमागे दोन-तीन मीटरवर उलटं चालणाऱ्याला ठेच लागली की वाचवणारं काही उरतच नाही, ना त्याची सावधगिरी, ना ड्रायव्हरची. म्हणून प्लेटांच्या ढिगाची तारीख मला हेल्परच्या 'लक्षा'पेक्षा महत्त्वाची वाटते.

तर मग करायचं काय? पहिला प्रश्न असा विचारा: गाडीनं रिव्हर्स यायलाच हवं का? एका बाजूनं आत, वळसा घालून दुसऱ्या बाजूनं बाहेर, असा रस्ता काढता आला तर रिव्हर्सचा धोका जवळजवळ नाहीसा होतो. जागा नाही असं लगेच म्हणू नका. मी पाहिलेल्या निम्म्या साइटवर जागा होती, तिथं भंगार, प्लेटा आणि साहेबांची गाडी उभी होती. वळसा खरंच शक्य नसेल तर रिव्हर्सची एकच पट्टी ठरवा, तिच्या शेवटी चाक अडेल असा जाड ठोकळा टाका आणि गाडी हलत असताना त्या पट्टीत कुणीही नाही, पंपवालाही नाही, असा नियम करा. पायी जाणाऱ्यांची वाट वेगळी आणि मधे कठडा. नुसती रंगीत फीत बांधू नका, दुसऱ्या दिवशी ती चिखलात असते.

सिग्नल देणाऱ्याची जागा ड्रायव्हरच्या बाजूला, गाडीच्या वाटेच्या बाहेर, त्याच्या आरशात पूर्ण दिसेल अशी. त्यानं एका जागी उभं राहायचं. चालायची वेळ आली तर आधी गाडी थांबवायची, मग चालायचं, नव्या जागी उभं राहायचं, मग पुन्हा हात करायचा. गाडी हलत असताना उलटं चालणं बंद. त्याच्याकडे फोन नको आणि त्या वेळी दुसरं कुठलंही काम नको. इशारेही आधी ठरवून घ्या. 'येऊ दे'चा हात आणि 'थांब'चा हात लांबून सारखा दिसतो अशा साइट मी पाहिल्यात. आणि ड्रायव्हरला एकच गोष्ट पक्की सांगा: सिग्नलवाला दिसेना झाला की ब्रेक. 'बाजूला झाला असेल' असं धरून चालायचं नाही. तो पुन्हा दिसला, त्यानं हात केला, मगच गाडी हलेल. यामुळे दिवसाला एखादी गाडी कमी उतरली तर ठेकेदार बोलतील. बोलू देत.

कॅमेरा बसवा, मी नको म्हणणार नाही. पण त्याच्यावर साइट सोपवू नका. सिमेंटच्या पाण्याचा एक शिंतोडा भिंगावर बसला की तो गेला, समोरून ऊन आलं की पडदा पांढरा, आणि ड्रायव्हरला दोन आरशांबरोबर बघायला तिसरी गोष्ट मिळते ती वेगळी. रिव्हर्सच्या भोंग्याचंही तसंच. दिवसभर पाच गाड्या टीं-टीं करत असतील तर कान ते ऐकणं सोडून देतात. फसफसल्यासारखा, पाण्याच्या फवाऱ्यासारखा आवाज करणारे भोंगे मिळतात. त्यांचा आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला पटकन कळतं आणि लांबच्यांना त्याचा त्रास कमी होतो. बदलणारच असाल तर ते घ्या. पण आधी रस्ता, मग ठोकळा आणि कठडा, मग माणसाचं प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा आणि चमकणारं जाकीट. आपल्याकडे खरेदी नेमकी उलट्या क्रमानं होते, कारण जाकिटाचं बिल लावता येतं आणि ढीग हलवल्याचं लावता येत नाही.

खडू हातात आहेच तर बाकीच्या मशीनभोवतीही फिरून या. पोकलेनच्या मागच्या टोकाच्या फेऱ्यात आणि भिंतीत निदान अर्धा मीटर मोकळा हवा. तो नसेल तर ती वाट बंद करा. टिपर (हौदा उचलून माल ओतणारा ट्रक) खड्ड्याच्या कडेशी माल टाकत असेल तर चाक अडवणारा बांध आहे का? ओली, भरावाची कड गाडीच्या वजनानं ढासळते आणि गाडी उलटते. अशा वेळी ड्रायव्हर दारातून उडी मारायला बघतो आणि गाडी नेमकी त्याच्यावर पडते. पट्टा बांधून आत बसून राहिलेला वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त. हौदा वर करून त्याच्याखाली ग्रीस मारणारा दिसला तर आधी त्याला बाहेर काढा. नळी फुटली की हौदा खाली यायला क्षणही लागत नाही, लोखंडी टेकू लावल्याशिवाय कुणी आत शिरायचं नाही. आणि वर विजेच्या तारा असतील तर हौदा उचलायची जागाच बदला. कधी तार लागलीच तर ड्रायव्हरनं आतच बसायचं, बाकीच्यांनी लांब पळायचं, वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणी गाडीला हात लावायचा नाही. गाडीनं पेट घेतला तरच दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी, एकाच वेळी गाडी आणि जमीन दोन्हींना स्पर्श न करता, आणि मग पाय न उचलता, जमिनीवर घासत लांब.

हेल्परच्या पायाबद्दल थोडं, कारण साइटवर 'पायच आहे, बरा होईल' असं बोललं जात असणार. चाकाखाली सापडलेला पाय वरून दिसतो त्यापेक्षा आतून जास्त जखमी असतो. कातडी वरून धड दिसली तरी खालच्या थरापासून सोललेली असू शकते, मग काही दिवसांनी ती काळी पडते. म्हणून एकामागून एक ऑपरेशनं होतात. सुरुवातीच्या तासांत आणखी एक धोका असतो: स्नायूंच्या कप्प्यात सूज कोंडते आणि रक्त पोचत नाही. दुखणं जखमेच्या मानानं फारच जास्त, बोटं हलवली की असह्य कळ, मग बधिरपणा, ही त्याची लक्षणं. तिथं तासांचा खेळ असतो, हाड मोडलेलं नसलं तरी. पुढे कधी कुणी चाकाखाली सापडलं तर हे लक्षात असू द्या. छाती दबली असेल, श्वास अडला असेल तर क्षणही न घालवता गाडी हटवा. तसं नसेल तर घाईत 'पुढे घे, मागे घे' करून चाक दुसऱ्यांदा त्याच्यावरून नेऊ नका. त्याला उभं करून बघू नका, काही खायला-प्यायला देऊ नका. पाय किंवा मांडी बराच वेळ दबून राहिली असेल तर किती वाजता सापडला आणि किती वाजता सुटला ते लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. दबलेल्या स्नायूंतून सुटल्यावर रक्तात जे मिसळतं त्यानं हृदय आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. १९४१ मध्ये लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांतल्या ढिगाऱ्यांखालून जिवंत काढलेली माणसं नंतर दवाखान्यात दगावत होती, त्यावरून एरिक बायवॉटर्स या डॉक्टरनं आणि त्याच्या सहकाऱ्यानं हे मांडलं.

ड्रायव्हरला कामावर या म्हणून फोन करू नका, आणि त्याला वाऱ्यावरही सोडू नका. आरशात दिसणारा माणूस दिसेनासा झाला ते दोन सेकंद त्याच्या डोळ्यांसमोर अजून चालू असणार. खडूचा प्रयोग करताना त्याला बोलवा, यावंसं वाटलं तरच. तो पट्टा त्यानं जमिनीवर आखलेला पाहिला तर त्याला कळेल की दिसणं शक्यच नव्हतं. जमलं तर डॉक्टरांकडेही न्या. थरथर, झोप न लागणं हे महिनाभर टिकलं तर ते आपोआप जाईल असं समजू नका. हे तुमच्या झोपेलाही लागू आहे.

चूक तुमची आहे का? आहे, पण तुम्ही समजता ती नाही. तुम्ही जागेवर असता तरी हेल्पर उलटंच चालला असता, कारण तुमच्या साइटवर सगळे तसंच चालतात आणि तुम्ही ते चार वर्षं बघत आलात. पाच मिनिटांच्या फोनपेक्षा ही चार वर्षं जास्त वजनाची आहेत. ती एकट्या तुमची नाहीत. ठेकेदाराची आहेत, ज्यानं काँक्रीटच्या दिवशी एक जास्तीचा प्रशिक्षित माणूस दिला नाही त्याची आहेत.

ठेकेदारांशी भांडून उपयोग नाही. त्यांना एवढंच सांगा: हेल्परची चूक म्हणून फाइल मिटवली तर ढीग तिथंच राहणार आणि पुढचा मिक्सर उद्या सकाळी येणारच आहे. नवा हेल्परही उलटाच चालणार. तरीही दबाव आला तर तुम्ही न लिहिलेल्या कागदावर सही करू नका. तुमच्या रिपोर्टाची तारखेसह प्रत आणि जागेचे फोटो स्वतःकडे ठेवा, ढीग हलवायच्या आधीचे. 'कामगाराची चूक' ही एक ओळ जखमी माणसाची भरपाई कमी करायला वापरली जाऊ शकते, म्हणून त्याच्या घरच्यांना कामगारांच्या बाजूचा एखादा वकील लवकर गाठायला सांगा, तिथला कायदा तो सांगेल. आणि हे कुणी तुमचं वैयक्तिक मत म्हणू नये: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा बांधकामातल्या सुरक्षेविषयीचा १९८८ चा करार, क्रमांक १६७, स्पष्ट म्हणतो की साइटवर वाहनं असतील तिथं त्यांना सुरक्षित रस्ते हवेत आणि वाहतूक नीट आखून नियंत्रित केलेली हवी. गंभीर धोका समोर दिसत असेल तर कामगाराला तिथून बाजूला होण्याचा हक्कही त्यात आहे. तुमच्या हेल्परला हे कधी कुणी सांगितलं होतं का?

शेवटची गोष्ट, आणि ती आजच करा. तुमच्या पत्रात ड्रायव्हर काय म्हणतो ते आहे, पंपवाला आणि ठेकेदार काय म्हणतात ते आहे. हेल्पर काय म्हणतो ते कुठेच नाही. दवाखान्यात जा. सोबत सहीचा कागद नेऊ नका, ठेकेदाराचा माणूस नेऊ नका. त्याची तब्येत बोलण्याजोगी असेल तरच विचारा की गाडी येताना तुला काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, आणि तुला तिथं उभं राहायला कुणी सांगितलं होतं. तो थांबला तर मधे शब्द पुरवू नका. बाहेर आल्यावर जे त्यानं सांगितलं ते त्याच्याच बोलीत उतरवून घ्या, व्याकरण न सुधारता, आणि मग रिपोर्ट लिहायला बसा.